शिजवण्याआधीची मूठ

आधी घरचं भागवा, उरलं तर द्या, ही जगाची रीत. ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्या घरात आधी देणं येतं, मग भागवणं. उपदेश ऐकून हा क्रम बदलत नाही, त्यासाठी स्वयंपाकघरात एक डबा लागतो.

मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायका १९१० पासून हे करत आल्या आहेत. तिकडे याला 'बुहफाई थाम' म्हणतात. भाताला तांदूळ काढले की धुण्याआधी त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला, डब्यात. भरल्या मुठीत साधारण ४० ते ५० ग्रॅम तांदूळ मावतात. दोन्ही वेळा काढले तर महिन्याला एका घरातून अडीच ते तीन किलो.

मूठ मोजून घेतलेल्या तांदळातूनच काढायची, पोत्यातून वेगळी नाही. पातेल्यात तेवढं कमी पडलं पाहिजे, त्याशिवाय त्याला अर्पण कसं म्हणायचं? घरात बारीक तांदूळ आणि डब्यासाठी स्वस्तातला जाडा, असं सुरू झालं की समजावं, जगाची रीत मागच्या दाराने परत आली.

भाकरीच्या घरात धान्य दळणाला देण्याआधी काढावं: दहा किलो ज्वारीमागे एक किलो, सरळ दशमांश. पीठ देऊ नये. बाजरीचं तर थोड्याच दिवसांत कडू होतं. डबा कोरडा हवा, झाकण घट्ट, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. पंधरा दिवसांच्या आत रिकामा करावा, नाहीतर पोरकिडे होऊ शकतात.

मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांचं धान्य एकाच पिंपात ओतावं, म्हणजे कोणी किती आणलं ते कळत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६:३ मधलं वचन इथे पाळलं जातं. फक्त ज्वारी आणि तांदूळ यांची पिंपं वेगळी ठेवावीत. हंगामाच्या सणाला अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात मात्र नेमकं उलट घडतं, बोली लावणाऱ्याचं नाव दोनदा पुकारलं जातं. लिलाव जरूर करा. जमलेली रक्कम सांगा, नावं नकोत.

खरी चूक होते ती वाटपात. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा झाली, म्हणून सात जण नेमावे लागले. आजही पाळकांच्या ओळखीच्या घरी पिशवी आधी पोचते. म्हणून यादी एकट्याने करू नये, दर तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासावी आणि मोजायला दोघांनी बसावं. प्रेषित पौलानेही यरुशलेममधल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेला पैसा एकट्याने नेला नाही. कोणी दोष देऊ नये म्हणून सोबत माणसं घेतली. उपासनेनंतर गरजूंची रांग लावू नये, फोटो तर नकोच. धान्य त्यांच्या घरी पोचवावं.

आणि ज्या घरी ते पोचतं, त्या घरालाही एक रिकामा डबा द्यावा. मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी देण्यात आपल्यालाही वाटा मिळावा म्हणून त्यांनी पौलाला विनवलं होतं.