पाणसळ

सकाळी साडेसहाला पाइपातल्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा ६ वर होता, आठ वाजता साडेचारवर आला. म्हणजे फरशीखाली कुठंतरी पाणी गळत होतं. चौथ्या मजल्याचा फ्लॅट. हॉल, बोळ आणि दोन खोल्यांत फरशी बसून दोन वर्षं होत आली होती. ती मी बसवलेली नव्हती. गेल्या वर्षी पुण्यात चाचणी देऊन मी इस्राएलला आलो, अश्दोदच्या या साइटवर लागलो, तेव्हा ती तशीच धूळ खात पडलेली होती.

फरशीचं काम करणाऱ्यांना सांगतो, इथली पद्धत आपल्यासारखी नाही. आपण वाळू-सिमेंटचा माल पसरतो, त्यावर सिमेंटची रबडी ओतून फरशी बसवतो. इथं खाली बारीक खडीचा जाड थर असतो. त्या खडीला ‘सुमसुम’ म्हणतात, म्हणजे तीळ. पाण्याचे पाइप त्याच थरातून जातात. फरशी बसली की पाइप कुठून गेलाय हे कुणाला दिसत नाही. ते फक्त बसवणाऱ्याला ठाऊक.

आणि बसवणारा ज्यूंच्या सणाच्या सुट्टीला घरी गेला, तो ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर परत येऊच शकला नाही. एकटा तोच नाही. युद्धाआधी वेस्ट बँकेतून दीड लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं इस्राएलमध्ये आणि तिथल्या इस्राएली वसाहतींत कामाला येत, गाझातून १८ हजारांच्या आसपास. बहुतेकांचे परवाने एका दिवसात बंद झाले. साइटी ओस पडल्या. मग आमच्यासारख्यांची भरती निघाली: सेंट्रिंग, लोखंड, प्लास्टर, फरशी. महिन्याला १ लाख ३७ हजारांच्या आसपास. माझ्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं आणि बोअरचं कर्ज होतं. मी आलो. कुणाच्या जागेवर येतोय याचा विचार तेव्हा केला नव्हता, हे खरं.

कंत्राटदाराचा फोनवरून हुकूम आला, बोळ आणि हॉल सगळा उखडा. आमचा फोरमन गालीलचा, इस्राएलचाच नागरिक पण अरब. तो म्हणाला, “थांब. आधी हाजला विचारू.”

हाज म्हणजे तो जुना फरशीवाला. हज करून आलेला, म्हणून सगळे त्याला हाज म्हणत. गाव हेब्रोनच्या बाजूचं. तिकडे त्या शहराला अल-खलील म्हणतात. या कंत्राटदाराकडे त्यानं १४ वर्षं काढली होती. फोरमननं व्हिडिओ कॉल लावला. समोर साठीकडे झुकलेला माणूस, डोक्यावर विणलेली टोपी, मागं गच्चीवर चादरीवर काहीतरी तांबूस-तपकिरी वाळत घातलेलं. मला आंबापोळीच वाटली. द्राक्षाची होती. मलबन म्हणतात तिला. खलीलची द्राक्षं त्या मुलखात नावाजलेली. सप्टेंबर होता, हंगाम चालू होता.

“यातिक अल-आफिये,” तो मला म्हणाला. काम करणाऱ्या माणसाला तिकडे असंच म्हणतात, देव तुला बळ देवो.

फोरमननं गळतीचं सांगितलं. हाजनं डोळे मिटले. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तो सावकाश बोलायला लागला आणि फोरमन माझ्याकडे बघून मोडक्या हिब्रूत आणि हाताच्या खुणांनी सांगत गेला. बोळात जा. बाथरूमच्या उंबऱ्यापासून चौथी फरशी, उजव्या भिंतीलगतची. तिथं प्लंबरच्या पोराच्या हातून पाइपला खिळा लागला होता आणि त्यानं घाईत जोड मारला. मी तेव्हाच बोललो होतो, हा जोड एक दिवस रडवणार. भिंतीवर खूण करून ठेवलीय. खालची पट्टी काढून बघ.

मी छिन्नीनं स्कर्टिंग हळूच सोडवलं. मागं प्लास्टरवर पेन्सिलीची फुली होती.

बारा वर्षं फरशी लावतोय. पिंपरीत, वाकडला, हिंजवडीला. झाकल्या जाणाऱ्या भिंतीवर, पुढं उघडणाऱ्या माणसासाठी खूण करून ठेवणारा गवंडी मी पाहिला नव्हता. मी स्वतःही कधी केली नव्हती.

एकच फरशी फोडली. खालची खडी ओलीचिंब, जोडातून पाण्याचा बारीक धागा सुटलेला. प्लंबर येईपर्यंत तासभर होता, आणि फोन कुणी ठेवला नाही. मी तुकडे गोळा करत होतो, ते दोघं बोलत होते, आणि मला मधूनमधून शब्द कळत होते. हिसाब. तारीख. दफ्तर. मी फोरमनला विचारलं, दफ्तर काय? तो म्हणाला, वाण्याची वही. उधारीची. दोन वर्षं हाजचं घर त्या दफ्तरावर चाललंय.

मग मीच विचारत गेलो आणि हाज सांगत गेला. इथं त्याला दिवसाला ४०० शेकेल मिळायचे. गावाकडे त्याच कामाचे दीडशे, तेही काम असलं तर. आणि काम नाही, कारण घरं बांधायला पैसा लागतो आणि तो पैसा इथूनच जायचा. वेस्ट बँकेतल्या दर पाच कमावत्यांत एक जण इकडे यायचा, त्याच्या मजुरीवर तिकडचा वाणी, न्हावी, मास्तर, टॅक्सीवाला जगायचा. बायकोचं सोनं पहिल्या वर्षातच गेलं. मोठ्या मुलानं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं, आता तो भाजीची गाडी लावतो. आठ मेंढ्या घेतल्या. वडिलांच्या वेळची द्राक्षबाग, जी तो शनिवारी-शुक्रवारी नुसती बघून यायचा, ती आता रोज खणतो. गच्चीवरचं मलबन, बेदाणे, द्राक्षाचा काकवीसारखा पाक, सगळं विकायला. पण गावाच्या तोंडाशी लोखंडी गेट बसलंय. ते बंद असलं की माल घरात.

धाकटा भाऊ जेरुसलेमजवळच्या अर-रामला, इस्राएलनं बांधलेल्या भिंतीला शिडी लावून दोरानं पलीकडे उतरताना पडला. घोट्याचं हाड मोडलं. गोळी लागली नाही, म्हणून घरचे देवाचे आभार मानतात. तिथं गोळ्या लागून माणसं मेलीत.

आधीचे दिवस तरी सुखाचे होते का, असं मी विचारलं. तो हसला नाही. रात्री अडीचला उठायचं. तरकूमियाच्या तपासणी नाक्यावर चारच्या आत पोचायचं, हजारो माणसांत फिरत्या गजांच्या दारातून सरकायचं, मग मिनीबस, सातला साइट. घरी यायला संध्याकाळचे सहा. पोरं मोठी झाली ती झोपलेलीच पाहिली. त्यात काही वर्षं परवाना दलालाचा होता. ते त्याला सिमसार म्हणतात. कागदावर एक मालक, काम दुसऱ्याकडे, आणि महिन्याला अडीच हजार शेकेल सिमसारला.

इथं मला माझे आईबाप दिसले. मी बीडकडचा. माझं लहानपण फडावरच्या कोपीत गेलंय. दिवाळीच्या आधी मुकादम उचल द्यायचा आणि वर्षभर ती फिटायची नाही. पहाटे तीनला आई उसाच्या मोळ्या बांधायला निघायची, तेव्हा गाडीच्या कंदिलाचा उजेड कोपीवरून फिरायचा. पण एक फरक मी तेव्हाही मनात धरला आणि आता लिहितोही. आमच्यात कारखान्याला जायला कुणाचा परवाना लागत नव्हता, आणि परत घरी यायची वाट कुणी बंद केली नव्हती. उपाशी राहणं सारखं असेल, कोंडलेलं असणं सारखं नाही.

मी फोरमनला म्हणालो, त्याला सांग, मी त्याच्या जागेवर बसलोय हे मला माहीत आहे.

फोरमननं ते सांगितलं की नाही कोण जाणे, पण हाज बराच वेळ बोलला. फोरमननं सांगितलं ते एवढंच: “तो म्हणतो, तुझ्यावर कर्ज आहे, त्याच्यावर कर्ज आहे. जागा तू बंद केली नाहीस.”

त्याच वेळी खिडकीची काच थरथरली. गाझाची हद्द इथून तिसेक किलोमीटर. तिघंही गप्प बसलो. गाझातले चार जण हाजच्या हाताखाली माल कालवायचे. त्यातल्या दोघांचा फोन अजून लागत नाही, असं तो नंतर म्हणाला.

प्लंबरनं जोड बदलला. काटा ६ वर आला आणि अकराला पाहिलं तरी ६ वरच होता. आता फुटल्या फरशीच्या जागी त्याच लॉटची फरशी हवी होती. हाजनं तेही सांगितलं. ममादमध्ये, म्हणजे रॉकेटपासून लपायच्या जाड भिंतींच्या खोलीत, दाराच्या मागं एक खोकं ठेवलंय. होतं.

कंत्राटदाराचा आठवडाभराचा खर्च वाचला. फोरमननं त्याला हाजच्या मजुरीचं विचारलं तर तो म्हणाला, परवाना नसलेल्याला मी कसे देऊ. मग आम्हीच काढले, दोघांनी मिळून ५०० शेकेल. हाजनं नाही म्हटलं. फोरमननं आग्रह केला तेव्हा त्याचा आवाज चढला. शेवटी त्यानं हिशेब सांगितला: अर्ध्या दिवसाची हजेरी, जुन्या दरानं, २०० शेकेल. त्यावर एक शेकेल नको. ते वाण्याच्या दफ्तरात जमा करा. पैसे पोचले. कसे, ते इथं लिहीत नाही.

फरशी बसवायला मी बसलो. फोन विटेवर टेकवून ठेवला होता, हाज बघत होता. मी रबरी हातोडीनं ठोकलं, लेव्हल बघायला पाणसळ आडवी ठेवली, आणि तो एकदम पुढं झुकला. फोरमनला काहीतरी म्हणाला.

ती पाणसळ त्याची होती. पिवळी, एका टोकाला काळ्या टेपचे दोन वेढे. या साइटवर आलो तेव्हा जिन्याखालच्या पिशवीत सापडली होती, आणि आठ महिने मी तीच वापरत होतो. मी ती उचलून कॅमेऱ्यासमोर दोन्ही हातांनी धरली. पाठवून देतो, म्हणालो. त्यांच्यात तिला ‘मीज़ान माय’ म्हणतात, पाण्याचा तराजू.

हाजनं हात हलवून नको म्हटलं. इथं काय मोजू, मेंढ्या? मग फोरमनच्या तोंडून मला समजावलं: टेपवालं टोक केसभर उंच दाखवतं. २०१९ साली ती जिन्यावरून पडली होती. एकदा ठेवून वाच, मग उलटी फिरवून ठेव आणि पुन्हा वाच. दोन्हींच्या मधलं खरं.

मी पाणसळ फिरवून ठेवली. बुडबुडा रेघेच्या किंचित डावीकडे गेला. मी फरशीचा एक कोपरा हातोडीनं हलकेच दाबला. “बस,” तो विटेवरच्या फोनमधून म्हणाला. तो शब्द मला कुणी सांगावा लागला नाही.