ग्रेज हार्बर: आधी भरती बघा, मग गाडी काढा

गेल्या वर्षी आम्ही ग्रेज हार्बर खाडीवरच्या अभयारण्यात पक्षी बघायला पोचलो ते ऐन ओहोटीला. समोर नुसता चिखल, आणि पक्षी पार पलीकडे, दुर्बिणीतूनही मोहरीएवढे. सिएटलहून दोन-अडीच तास गाडी हाकून मोहरी बघितली! यंदा आधी भरतीचं वेळापत्रक काढलं, मग तारीख ठरवली.

वॉशिंग्टन राज्यात होक्विअम गावाबाहेर, बोअरमन विमानतळाला खेटून हे अभयारण्य आहे, १९९० साली स्थापन झालेलं. त्यातलं बोअरमन बेसिन म्हणजे या खाडीतल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा जेमतेम २ टक्के भाग. तरी खाडीत मुक्कामाला उतरणाऱ्या किनारी पक्ष्यांपैकी कधीकधी निम्मे एवढ्याच जागेत असतात. भरतीचं पाणी इथला चिखल सगळ्यात शेवटी झाकतं आणि ओहोटीत तोच सगळ्यात आधी उघडा पडतो. थोडक्यात, बाकीच्या पंगती उठल्या तरी इथली चालू असते.

म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, एवढंच धरून चाला. पाणी चढू लागलं तसे पक्षी आमच्याकडे सरकत आले. बहुतेक वेस्टर्न सँडपायपर हे चिमुकले किनारी पक्षी: वजन पंचवीस-तीस ग्रॅम, जायचंय अलास्काला. मधूनमधून काळ्या पोटाचे डनलिन. चोची शिवणयंत्रासारख्या चिखलात खालीवर. आणि एकदम सगळा थवा उठला. उलटला की पांढरा, वळला की तपकिरी. वर बहिरी ससाणा! दोनदा झेपावला, दोन्ही वेळा रिकाम्या पायांनी परतला. माझी बायको थव्याच्या बाजूनं, मी (उगाच) ससाण्याच्या.

जायचं तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज चालत नाही. गाडी लावून विमानतळाच्या रस्त्यानं चालत जावं लागतं, पुढे लाकडी पायवाट. कुत्र्याला नेऊ देत नाहीत. वारा बोचरा असतो, कानटोपी न्याच. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची छोटी दूरदर्शी) असेल तर उत्तम, पण नेमक्या वेळी पोचलात तर साधी दुर्बीणही पुरते. पायवाटेखाली उतरू नका: चिखल बूट ठेवून घेतो, आणि थवा विनाकारण उडाला की खाण्याची तेवढी वेळ त्यांची वाया जाते.

आमच्याआधी कुणीतरी उतरलं होतं. एक बूट अजून तिथंच आहे.