बीटाचा दुसरा आकडा

आयव्हीएफमधली (टेस्ट ट्यूब बेबी) इंजेक्शनं, एग पिकअप (अंडी काढणं), ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) यांवर पुष्कळ लिहून झालंय. माझा राग आहे तो त्यानंतरच्या दिवसांवर.

चौदाव्या दिवशी बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन, आला ८६. रिपोर्टवर ठळक 'पॉझिटिव्ह'. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. ४८ तासांनी परत करायचा होता, पण तो नेमका रविवार. नेहमीची लॅब बंद म्हणून क्लिनिकनेच दुसरीकडे पाठवलं. आकडा ११२. रिसेप्शनवरची ताई म्हणाली, "वाढलाय ना, मग छान!"

पुढे डॉक्टरांशी बोलणंच होईना. "मॅडम ओटीत आहेत", "मॅडम निघाल्या", "रिपोर्ट व्हॉट्सॲप करा, बघतील". शेवटी क्लिनिकमध्ये जाऊन बसले. समोर भिंतभर बाळांचे फोटो, मांडीवर फाइल, आणि टोकन नंबर पुढे सरकेना. संध्याकाळ झाली तेव्हा दोन मिनिटांत कळलं: सुरुवातीला बीटा साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट व्हायला हवा, नुसतं वाढून भागत नाही. शिवाय प्रत्येक लॅबची तपासणी वेगळी, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून वेग काढता येत नाही. हे त्या ताईला फोनवर सांगता आलं नसतं का? माझा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्याच लॅबमध्ये पुन्हा केला. ९४. नंतर उतरतच गेला.

प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकावा म्हणून दिलेलं हार्मोन) चालू असेपर्यंत मला रक्तस्राव झालाच नाही. त्या गोळ्यांमुळे तो लांबू शकतो, त्यामुळे स्पॉटिंग नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. आणि गोळ्या मनाने बंदही करू नका.

बीटा रेंगाळत वाढत असेल आणि एका बाजूला पोटात किंवा खांद्यात दुखलं, चक्कर आली, तर फोनची वाट बघू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असू शकतो, तडक इमर्जन्सी गाठा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. फ्रेश ट्रान्सफर (गर्भ न गोठवता केलेला) असेल तर एग पिकअपआधीच्या ट्रिगर इंजेक्शनमधला एचसीजी काही दिवस रक्तात राहतो, घरच्या किटवर लवकर विसंबू नका. हे आधी सांगायला हवं होतं.

जिने चढलीस म्हणून झालं, असं मला एका नातेवाईक बाईंनी ऐकवलं. इतक्या लवकरचा गर्भपात बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाने होतो. जिन्यांचा काही संबंध नाही.

बीटा ५ च्या खाली जाईपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यावं लागलं. पुढच्या ट्रान्सफरआधी मी फाइलवर लिहून घेतलंय: दोन्ही बीटा एकाच लॅबला, आणि रिपोर्टचा फोन डॉक्टरांकडूनच.