फॉर्मचं मागचं पान

काउंटरवरची बाई तिसऱ्यांदा तेच म्हणाली, "आम्ही शाळेचे फॉर्म भरत नाही." आवाज इतका गोड की भांडताही येईना. माझ्या हातात लेकाला परत खेळू देण्याच्या परवानगीचा एक कागद, कागदावर सहीपुरती एक रिकामी रेघ, आणि त्या रेघेपायी माझे सहा दिवस गेलेले.

त्यात अमेरिकन फुटबॉल मला मुळात नकोच होता. बापलेकांनी मिळून ठरवलं, मी ऑगस्टमध्ये शाळेच्या सात-आठ कागदांवर न वाचता सह्या केल्या आणि विषय संपला. आम्ही सिॲटलजवळ राहतो. लेक पंधरा वर्षांचा, ज्युनिअर व्हर्सिटी म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघात कॉर्नरबॅक, बचाव करणारा. ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी टॅकल करताना समोरच्याचा गुडघा त्याच्या हेल्मेटवर बसला. उठला आणि सरळ दुसऱ्याच संघाच्या बाजूला चालायला लागला. शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरने (हा कोच नव्हे, खेळाडूंच्या दुखापती बघणारा) त्याला बाहेर काढलं, खाली बसवलं आणि पहिलं काम काय केलं, तर हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं. पोरं नजर चुकवून परत मैदानात पळतात म्हणे. मग त्याला महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट... आणि तो थांबला. सप्टेंबर कुठे गेला ते त्याला कळेना. माझ्या पोटात गोळा आला तो तेव्हा.

त्याच रात्री अर्जंट केअरला, म्हणजे तातडीने बघणाऱ्या क्लिनिकमध्ये नेलं. ओकारी नाही, शुद्ध हरपली नाही, बाहुल्या सारख्या, म्हणून स्कॅन केला नाही. (कन्कशन, म्हणजे डोक्याला दणका बसून मेंदूला झालेली इजा, स्कॅनमध्ये दिसत नाही, स्कॅन रक्तस्राव बघायला असतो, हे मला त्या रात्री कळलं.) आठवडाभर डोकेदुखी, उजेड नको, गणिताच्या तासाला मळमळ. सासूबाई सांगलीहून रोज फोनवर, "अगं, अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेव." पण हल्ली तसं करत नाहीत. एक-दोन दिवस आराम, मग जमेल तेवढं चालणं-फिरणं. नवव्या दिवशी सगळं थांबलं.

आणि मग हा फॉर्म.

अर्जंट केअरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठी दिली होती : त्रास होत नसेल तर खेळायला हरकत नाही. ट्रेनरने ती वाचली आणि परत दिली. "हे चालणार नाही. आमच्या फॉर्मवर सही हवी, आणि तीही लक्षणं गेल्यानंतर तपासून." अर्जंट केअरवाले म्हणाले, आम्ही फक्त पहिली तपासणी करतो, पुढचं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. नेहमीच्या डॉक्टरांच्या काउंटरवर ही गोड आवाजाची बाई : दुखापत आम्ही पाहिलेली नाही, स्पेशालिस्टकडे जा. स्पेशालिस्टची तारीख तेवीस दिवसांनी. तोवर हंगाम संपलेला! मी रोज ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूट करून फोनवर ताटकळत बसायचे.

घरी वेगळीच आघाडी. "आई, टुआ तर चार दिवसांत खेळला होता!" टुआ टागोवाइलोआ, तेव्हा मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. २५ सप्टेंबर २०२२ ला बफेलोविरुद्ध डोकं आपटलं, उठताना झोकांड्या गेल्या, तरी त्याच मॅचमध्ये परत उतरवला. पाठीचं दुखणं आहे असं सांगितलं गेलं. मी म्हटलं, पुढे सांग ना. पुढे २९ तारखेला सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला, बोटं वाकडी होऊन आखडली आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एनएफएल (या खेळाची व्यावसायिक लीग) आणि खेळाडूंच्या संघटनेने नियम बदलला : मेंदूच्या कारणाने तोल गेला किंवा बोलणं अडखळलं, तर त्या दिवशी परत खेळायचंच नाही. तिथे मैदानाकडेला संघाशी संबंध नसलेला न्यूरो डॉक्टर उभा असतो, वर बसून मॅचवर नजर ठेवणारे वेगळे, आणि पुढे पूर्ण खेळायची परवानगी द्यायला संघाच्या डॉक्टरबरोबर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाचीही संमती लागते. एवढं सगळं असून ते घडलं होतं.

हे भाषण मी लेकाला ठणकावून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ट्रेनरला म्हणाले, "तुम्हीच बघा ना, पोरगा ठणठणीत आहे, काहीतरी ॲडजस्ट करा." आपल्याकडे तलाठी कार्यालयात म्हणतात तसं, अगदी त्याच सुरात. आता आठवलं की कानशिलं तापतात.

ट्रेनर चिडला नाही. त्याने झॅकरी लिस्टेडचं नाव काढलं. मेपल व्हॅली, आमच्या घरापासून तासाभराच्याही आत. २००६ मध्ये तेरा वर्षांचा हा मुलगा डोकं आपटल्यावर थोड्या वेळाने पुन्हा मैदानात उतरला आणि मॅच संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव. जगला, पण बोलायला, चालायला पहिल्यापासून शिकावं लागलं. त्याच्या नावाचा कायदा वॉशिंग्टन राज्यात २००९ मध्ये झाला, देशातला या प्रकारचा पहिला, आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. ती सही लागते ती या कायद्याने. "बाकी," तो म्हणाला, "सही कोणाची चालते ते मागे लिहिलंय."

मागे! सहा दिवस तो कागद मी पर्समध्ये घेऊन फिरले, एकदाही उलटला नव्हता. मागच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं : कन्कशनचं प्रशिक्षण असलेले डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून उपचार करू शकणारी नर्स), फिजिशियन असिस्टंट... त्याच गोड आवाजाच्या बाईला फोन करून फक्त विचारलं, तुमच्याकडे असं प्रशिक्षण घेतलेली नर्स प्रॅक्टिशनर आहे का? होती. गुरुवारी सकाळी सात चाळीसची वेळही मिळाली. सही करायला तिला मोजून पंचवीस मिनिटं लागली आणि त्यातली वीस तिने खरंच तपासलं.

तेव्हा कुणाच्या मुलावर ही वेळ आलीच, तर फॉर्म पहिल्या दिवशीच घ्या आणि दोन्ही बाजू वाचा. अपॉइंटमेंट लक्षणं जायची वाट न बघता आधीच धरून ठेवा, लागली नाही तर मागाहून रद्द करा. अभ्यासात सवलतीची चिठ्ठी वेगळी मागावी लागते, ती कुणी आपणहून देत नाही. आणि हो, पेनकिलर देऊन खेळात परतायच्या पायऱ्या चढवू नका. डोकं दुखतंय की नाही हेच तर बघायचं असतं.

पायऱ्यांचं सांगायचं राहिलंच. सही मिळाली की लगेच खेळ नाही. आधी हलकी सायकल, मग धावणं, मग धडक नसलेला सराव, मग धडकीचा सराव, मग मॅच. प्रत्येक पायरीमध्ये किमान चोवीस तास, त्रास झाला तर एक पायरी खाली. शुक्रवारी सायकल, शनिवारी धावणं. सोमवारी सरावानंतर गाडीत बसला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "आई, थोडं दुखतंय. मी त्यांना सांगितलंय."

स्वतःहून सांगितलं! मी गाडी पाच मिनिटं सुरूच केली नाही.

एक पायरी खाली. बुधवारी पुन्हा धावणं, गुरुवारी सराव. शुक्रवारी व्हर्सिटीची, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाची मॅच, म्हणून धडकीचा सरावच नाही. तेवढी एक पायरी राहिली आणि सोमवारची शेवटची मॅच हुकली. तो जर्सी घालून, हेल्मेटशिवाय, पाण्याच्या बाटल्या वाटत उभा होता. चेहरा एवढासा. बाप हळहळला. मीही तोंडाने "अरेरे" म्हणाले.