मोकळा खिमा, मऊ पाव: मंगळवारच्या सँडविचची वही

मंगळवारी मुलीचा पोहण्याचा क्लास सव्वासहाला संपतो. घरी येईपर्यंत पावणेसात, आणि साडेआठला दोन्ही पोरं अंथरुणात हवीत. मधल्या वेळात पोटभर, गरम आणि हाताने खाता येईल असं काहीतरी लागतं. आम्ही राहतो अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, म्हणून ठरवलं की या हिवाळ्यात इथलं लूज मीट सँडविच नीट शिकायचं. दर मंगळवारी एक प्रयोग आणि रात्री भांडी घासून झाल्यावर वहीत नोंद. खिमावेड्यांसाठी ती वही इथे उतरवतोय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: हा बर्गर नाही, कारण टिक्की वळायची नाही. टोमॅटोच्या रसातला खिमा भरलेलं ‘स्लॉपी जो’ नावाचं सँडविचही नाही, कारण इथे तो रस नाही. नुसता बारीक, मोकळा शिजवलेला बीफचा खिमा, वर पिवळी मोहरी, बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या. पाव मऊ, वाफाळलेला. सोबत चमचा देतात, कारण निम्मा खिमा कागदावर सांडणारच. मिसिसिपीकाठच्या मस्कटीन गावात १९२६ साली फ्रेड एंजेल नावाच्या खाटकाने ‘मेड-राइट’ या नावाने ते विकायला सुरुवात केली. (हेच गाव एकेकाळी नदीतल्या शिंपल्यांपासून शर्टाची बटणं करण्यासाठी जगात प्रसिद्ध होतं. खिम्याशी संबंध नाही, पण मला आवडतं म्हणून लिहिलं.) राज्याच्या पश्चिम टोकाला, सू सिटीकडे, याच सँडविचला ‘टॅव्हर्न’ म्हणतात.

१४ जानेवारी. बाहेर उणे अठरा. पहिला प्रयोग आणि पहिलीच घोडचूक. मी वसईचा; खिमा म्हटलं की हात आपोआप चालतात. तेल तापलं, कांदा लाल झाला, खिमा पडला, आच मोठी, तेल सुटेपर्यंत परतणं. वास असा की शेजारी दार उघडतील. पण पावात भरल्यावर कळलं की हा खिमापाव आहे, तोही मसाला विसरलेला. दाणे कडक झाले होते, मधे मधे सुपारीएवढे गोळे. मुलगा म्हणाला, “डॅडी, हे चावावं लागतंय.” मुद्दा बरोबर होता. या सँडविचला चावावं लागणं हा दोषच.

२१ जानेवारी. इंटरनेटवर मिळालेल्या एका कृतीवरून सोडा वापरला. तत्त्व खरं आहे: चिमूटभर खाण्याच्या सोड्याने मांसाची आम्लता कमी होते, प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, पाणी आत राहतं आणि रंगही लवकर चढतो. एका पौंडाला, म्हणजे ४५४ ग्रॅमला, पाव चमचा पुरतो. मी घाईत अख्खा चमचा टाकला. चव साबणाची, पोत लापशीचा. बायकोने एक घास घेतला आणि काही न बोलता अंडी फोडायला घेतली. चूक सोड्याची नाही, माझी. पण एक गोष्ट लक्षात आली. सोडा उपयोगी पडतो तो खिमा लालसर परतायचा असतो तेव्हा. इथे परतायचंच नाही, मग सोडा कशाला?

२५ जानेवारी, शनिवार. म्हटलं आधी मूळ पदार्थ खाऊन तर बघू. गाडी काढून मार्शलटाउनला गेलो, आमच्यापासून तासाभराचा रस्ता. टेलर्स मेड-राइट हे दुकान १९२८ पासूनचं. अनेक वर्षं तिथे सँडविचवर केचप मिळत नसे. २००६ साली त्यांनी गिऱ्हाइकांचा कौल घेतला, तेव्हा कुठे केचप आलं. असली कडवी मंडळी मला फार जवळची वाटतात. आमच्याकडे नाही का, मिसळीत कुठली शेव चालते यावरून भावकी तुटते!

तिथे खाल्ल्यावर तीन गोष्टी टिपल्या. एक, खिमा करडा आहे, तपकिरी नाही. करपलेला एक दाणा नाही. दोन, दाणा जाड रव्यापेक्षा थोडाच मोठा, आणि सगळा सारखा. तीन, खिमा ओला आहे पण रस वाहत नाही. पावाच्या खालच्या अर्ध्याला ओल लागते, तरी तो फाटत नाही. मसाला म्हणाल तर जवळजवळ नाहीच. मी गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य काय बोललो असेन? “यात थोडं आलं-लसूण पाहिजे होतं.” जित्याची खोड.

२८ जानेवारी. आता खरी लढाई दाण्याशी. सिनसिनाटी शहराची चिली (मसालेदार खिम्याचा रस्सा) करणारे कच्चा खिमा थंड पाण्यात कुस्करतात आणि मगच चुलीवर ठेवतात, हे वाचलेलं आठवलं. ती चिली १९२२ साली मॅसेडोनियातून आलेल्या किराडजिएफ भावांनी सुरू केली. पदार्थ वेगळा, पण युक्ती उचलण्यासारखी. पसरट कढईत एक पौंड खिमा, वर पाऊण कप गार पाणी, आणि गॅस न लावता पावभाजीच्या मॅशरने दाबत राहायचं. दोन मिनिटांत गुलाबी, बघवणार नाही असा राडा होतो. घाबरू नका. मध्यम आच लावली आणि ढवळत राहिलो. पाणी कोमट होताना एकेक दाणा सुटा शिजू लागला. तापलेल्या कढईत खिमा टाकला की बाहेरचा थर लगेच आवळतो आणि गोळा बनतो. गार पाण्यात त्याला तशी संधीच मिळत नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. “पाण्यात उकडतोस? मग त्याला खिमा कशाला म्हणायचं, पेज म्हण.” मग जरा थांबून, “पण मोकळा मात्र झालाय हां. मोकळ भाजणीसारखा.” आईने नकळत नाव देऊन टाकलं. तेव्हापासून घरात याला मोकळा खिमाच म्हणतो.

दाणा जमला, चव फसली. मीठ सुरुवातीलाच घातलं होतं. काही दाणे पुन्हा चिकटून रबरी झाले. नंतर डोक्यात प्रकाश पडला: सीख कबाबाला आपण मीठ घालून खिमा मळतो ते कशासाठी? चिकटावा म्हणून. मिठाने मांसातलं प्रथिन सुटतं आणि गोंदासारखं काम करतं. इथे नेमकं उलट हवं. म्हणजे दाणा पांढुरका होऊन सुटा झाल्यावरच मीठ.

४ फेब्रुवारी. मीठ उशिरा. फरक लगेच जाणवला. एका पौंडाला बारीक मीठ पाऊण चमचा (चहाचा), ताजी कुटलेली मिरी एक चमचा, वूस्टर सॉस दोन चमचे, साधं व्हिनेगर एक चमचा, आणि अर्धा कांदा अगदी बारीक चिरून खिम्याबरोबरच शिजवलेला. वूस्टर सॉस मला आधी परका वाटायचा. मग बाटलीवरची यादी वाचली: व्हिनेगर, मळी, अँकोव्ही नावाची खारवलेली मासळी आणि चिंच! सुकी मासळी आणि चिंच घातलेला सॉस वसईकराला परका कसा?

चरबीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बरेच जण फसतात. इथे पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असं लिहिलेलं असतं. दुसरा आकडा चरबीचा टक्का. ग्राउंड बीफ म्हणून विकायच्या खिम्यात ३० टक्क्यांहून जास्त चरबी चालत नाही. ८०/२० घेतला तेव्हा पाव तुपात बुडवल्यासारखा झाला. ९३/७ घेतला तेव्हा मोहरीचा आधार नसता तर घास उतरला नसता. ८५/१५ वर स्थिरावलो. पाण्यात शिजवल्यामुळे चरबी वर तरंगते, ती दोन मोठे चमचे काढून टाकायची. सगळी नको, शेवटचा तवंग ठेवा, चव त्यात आहे.

आणि पूर्ण शिजवा, यात तडजोड नाही. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. दळल्यावर ते आतपर्यंत पोचतात. म्हणून खिम्याला ७१ अंश सेल्सियस हवेच. या पद्धतीत दाणे उकळत्या पाण्यातच असल्याने थर्मामीटर खुपसत बसावं लागत नाही.

११ फेब्रुवारी. पाव. दुकानातले हॅम्बर्गर बन कोरडेच भरले तर कडा चिरतात. तव्यावर लोणी लावून भाजले तर छान लागतात, पण ते चूक आहे. कुरकुरीत पाव आणि मोकळा खिमा यांचं जमत नाही, चावताना खिमा बाजूने पळतो. मग इडलीपात्र काढलं. तळाला पाणी, वर चाळणी, पाव सुती फडक्यात गुंडाळून एक मिनिट. दीड मिनिटाला तो ओला बोळा होतो, हे स्वानुभवाने सांगतो. याहून सोपं म्हणजे सँडविच भरून मेणकागदात घट्ट गुंडाळायचं आणि तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्याची वाफच पाव मऊ करते. कागदात गुंडाळलेला वडापाव घरी येईपर्यंत जसा बसतो, अगदी तसंच.

१८ फेब्रुवारी. बंडखोरी. फ्रीजरमध्ये आईने पाठवलेला बाटली मसाला (आमच्या वसईकडचा तिखट मिश्र मसाला) होता, आणि पाच आठवडे त्याच्याकडे पाठ फिरवून राहिलो होतो. पाव चमचाच घातला. बायको आणि मी दोघांनी दोन-दोन खाल्ले, पोरांनीही मागून घेतलं. घरातल्या बाकी तिघांचं एकमत झालं की हेच सगळ्यांत चांगलं. मी वहीत मात्र याला यश म्हणून लिहिलं नाही. चविष्ट झालं, पण मोहरी आणि काकडी निरर्थक झाली, आणि मग ते आयोवाचं राहिलं नाही. बाटली मसाला घालायचाच तर खिमा परतून, बटाटा घालून, फुग्यांबरोबर (आमच्याकडचे तळलेले गोल पाव) खावा. एकाच कढईत दोन गावं नांदत नाहीत. (घरातला ठराव ३ विरुद्ध १ असा माझ्याविरुद्ध झाला. नोंद घेतली.)

२५ फेब्रुवारी. नवीन काही नाही. क्लासवरून उशीर झाला आणि रविवारी करून ठेवलेला साठा कामी आला. दुप्पट करून, लवकर गार करून, पिशवीत चपट्या थरात गोठवला होता. जाड गोळा गोठवला तर सुटायला रात्र लागते. बोटभर जाडीचा थर कढईत दोन चमचे पाण्यासोबत दहा मिनिटांत तयार. फ्रीजमध्ये नुसता ठेवायचा तर तीन-चार दिवस, त्यापुढे नाही.

महाराष्ट्रातल्या दोस्तांसाठी: तिथे २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे खाटकाकडे मिळतो तो म्हशीचा खिमा. तो कमी चरबीचा असतो, म्हणून चरबी काढून टाकू नका. वर चमचाभर लोणी घाला आणि पाणी पाऊण कपाऐवजी एक कप घ्या. मटणाचा खिमा चालेल, पण दोनदा दळून मागा. चिकनचा करू नका. मी करून पाहिला, कागद चघळल्यासारखं लागतं.

४ मार्च. आठवा मंगळवार. घड्याळ लावून केलं: कुस्करणं दोन मिनिटं, शिजणं सोळा, कागदात तीन. एकवीस मिनिटांत पाच सँडविचं. पाणी पूर्ण आटू न देता दोन-तीन चमचे उरलं असताना गॅस बंद केला. हा क्षण आता कानाने कळतो. बुडबुड्यांचा आवाज जाऊन चुरचुर सुरू झाली की थांबायचं. आणखी एक मिनिट गेलं की चौदा जानेवारी परत आलाच म्हणून समजा.

दाणा सारखा, रंग करडा, पाव शाबूत. मार्शलटाउनच्या जवळ पोचलोय, पण पोचलो नाही. त्यांच्या खिम्यात एक गोडसर ताजेपणा आहे, आणि माझा संशय दळण्यावर आहे. पाकिटातला खिमा दाबून आलेला असतो. पुढची पायरी म्हणजे खांद्याचा तुकडा आणून घरी दळणं. यंत्राची जाळी कुठली घ्यायची, बारीक की मध्यम, यावर कोणी हात पोळून घेतले असतील तर सांगा.

उद्या राखेचा बुधवार, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, मांस वर्ज्य, म्हणून एक दाणाही उरवायचा नव्हता. पाचवं सँडविच कुणाचं यावर भांडण झालं. मुलीने ते शांतपणे उचललं, आणि मुलगा चमचा घेऊन सगळ्यांच्या कागदावर सांडलेलं गोळा करत बसला. शेवटी मोजलं तर त्याच्याच ताटलीत जास्त निघालं.