ठाण मांडून बसलेले नट आणि एक गंजलेला मोअर डेक

गेल्या नोव्हेंबरात मी साठ डॉलर्सना एक जुना रायडिंग मोअर विकत घेतला. ओहायोत आम्ही राहतो त्या भागात प्रत्येक घराभोवती अर्धा-पाऊण एकर हिरवळ असते आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ती जवळजवळ दर आठवड्याला कापावी लागते, त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरसारखे बसून चालवायचे हे यंत्र इकडे घरोघरी दिसते. माझे यंत्र 1990 च्या दशकातले, 42 इंची, दोन पात्यांचे आहे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले, परंतु विकणाऱ्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले की डेक गेल्यातच जमा आहे. तो डेक उभा करण्यात माझा सबंध हिवाळा गेला.

डेक म्हणजे यंत्राच्या पोटाखाली टांगलेली पोलादी पत्र्याची मोठी उपडी परातच. तिच्या माथ्यावर दोन स्पिंडल, म्हणजे पाती फिरवणारे उभे आस, बसवलेली असतात. वरच्या बाजूला पट्ट्याने फिरणारी पुली आणि खालच्या बाजूला पाते, अशी ही जोडणी असते. ओले गवत कापले की त्याचा लगदा या परातीच्या आतल्या बाजूला चिकटतो, वाळून त्याची जाड पुटे चढतात आणि प्रत्येक पावसानंतर ती स्पंजासारखी ओल धरून ठेवतात. त्यात हिरवळीवर टाकलेल्या खताचे क्षार मिसळले की पत्रा आतून खाल्ला जातो, आणि वरून रंग शाबूत दिसत असल्यामुळे मालकाला त्याचा पत्ताच लागत नाही. माझा डेक उलटा केल्यावर जवळजवळ दोन बोटे जाडीचा थर खरवडून काढावा लागला, आणि डाव्या स्पिंडलभोवती हातोड्याने हलके ठोकत गेले तेव्हा खणखणीत आवाजाच्या जागी एकाएकी बद्द आवाज येऊ लागला. तेवढा भाग पोखरला गेला होता.

पत्र्याचे काम मात्र पुढचे होते. आधी सगळे सुटे करायचे, आणि सुटे होण्यासारखे तिथे फारसे काही उरलेले नव्हते. पात्यांचे बोल्ट, पुल्यांचे नट, स्पिंडलची हाउसिंग, म्हणजे त्यांची बाहेरची कवचे, पत्र्याला धरून ठेवणारे आठ स्क्रू, पुढच्या छोट्या चाकांच्या पिना, या सगळ्यांनी जागच्या जागी ठाण मांडले होते.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, होते. मागाचा एखादा नट अडला की ते त्यावर रॉकेलमध्ये थोडे तेल मिसळून सोडत आणि दुसऱ्या मागाकडे वळत. रविवारच्या फोनवर मी त्यांना डेकचे फोटो दाखवले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "अगं, तो अडलाय कशानं ते बघितलंस का? गंजानं अडलाय, का आटे मेलेत, का चिखल बसलाय?" मी म्हटले, "अण्णा, सगळंच गंजलंय." त्यावर ते म्हणाले, "सगळं एकाच कारणानं अडत नाही. आज तेल पाज, उद्या बघ." हा प्रश्न मी पुढे प्रत्येक नटाला विचारत गेले, आणि जिथे विचारायचा राहिला तिथे नुकसान झाले.

तेल पाजण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. डब्ल्यूडी-40 हे फवारायचे तेल आपल्याकडेही मिळते, पण त्याच्या नावातील दोन अक्षरांचा अर्थच मुळी पाणी हटवणे असा आहे. 1953 साली ते ओल आणि गंज दूर ठेवण्यासाठी तयार झाले. गंजलेल्या आट्यांत शिरण्यासाठी याहून पातळ, खास त्याच कामाची तेले इथे मिळतात, आणि अनेक जुने मेकॅनिक अॅसिटोन आणि गिअरबॉक्सचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल समप्रमाणात मिसळून घरीच मिश्रण करतात. मीही तेच केले. हे मिश्रण वापरण्याआधी दरवेळी हलवावे लागते, कारण दोन्ही द्रव वेगळे होतात, आणि ते अत्यंत ज्वालाग्राही असते. परंतु कोणतेही तेल एकदा फवारून भागत नाही. तार-ब्रशने उघडे आटे साफ करावेत, तेल सोडावे, हातोड्याने बोल्टच्या डोक्यावर दहा-बारा हलके ठोके द्यावेत म्हणजे गंजाच्या थराला सूक्ष्म भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते, मग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. मी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ हे केले.

पात्यांचे बोल्ट या उपायाने सुटले. पाते फिरू नये म्हणून डेकची कड आणि पाते यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, षट्कोनी सॉकेट पूर्ण बसल्याची खात्री केली आणि आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने जोर दिला. बोल्ट 'कट्' असा आवाज करून तसूभर हलला आणि मग निमूट उलटा फिरला. या बोल्टला हात लावण्यापूर्वी आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत आट्यांची दिशा अवश्य पाहावी, कारण काही यंत्रांत ते उलट्या आट्यांचे असतात आणि सोडवण्याच्या समजुतीने आपण ते आणखी आवळत बसतो.

पुल्यांनी मात्र माझी परीक्षा पाहिली. नट निघाला, पण खाली पुली आणि शाफ्ट यांच्या खाचांमध्ये गंज भरून दोघांचा जणू एकच तुकडा झाला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन घट्ट बसलेल्या भागांमध्ये तो वाढला की त्यांना पाचरीसारखा आवळून धरतो. मी डाव्या पुलीच्या कडेला तीन पायांचा पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचे हत्यार, लावला आणि आवळत गेले. पुली ओतीव लोखंडाची असती तर हे चालले असते, पण ही पत्रा दाबून केलेली होती. कड बशीसारखी वळली आणि मधला भाग होता तिथेच राहिला. कारण न पाहता ताकद लावली, त्याची किंमत नव्या पुलीच्या रूपाने मोजावी लागली.

उजव्या पुलीच्या वेळी वेगळे केले. आधी सर्व तेल पुसून काढले, पेट्रोलचा डबा गॅरेजच्या बाहेर नेला, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवले. नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच परत चढवला, म्हणजे ठोक्याने शाफ्टचे आटे चेपणार नाहीत. पुलीचा मधला भाग दोन जाड लाकडांवर टेकवून हाउसिंग खाली लोंबते ठेवले आणि प्रोपेनच्या टॉर्चने पुलीचा फक्त मधला भाग गोल गोल फिरवत तापवला. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे 12 भाग इतके फुलते. हिशेब केला तर 17 मिलिमीटरचे छिद्र 150 अंशांनी तापल्यावर एका मिलिमीटरच्या शंभरातील जेमतेम तीन भागांनी मोठे होते. ऐकायला हे काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते, अट एवढीच की आतला शाफ्ट तापण्याआधी घाव बसला पाहिजे. पितळी दांडा नटावर धरून मी दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला शाफ्ट पाऊण इंच खाली सरकला आणि खाचांमधून तपकिरी भुकटी भुरभुरली. ती भुकटी मी बोटावर घेऊन पाहिली. इतकी मऊ की रांगोळीत मिसळून गेली असती.

स्पिंडलची हाउसिंग अॅल्युमिनियमची आणि त्यात घुसलेले स्क्रू पोलादाचे, इथे गंजाबरोबर दुसरेही कारण होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये क्षारयुक्त ओल असली की तिथे एक छोटी विद्युतघटमाला तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजत जाते. त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते आणि तेल तिच्यातून सहजी पाझरत नाही. म्हणून इथे तेलावर न विसंबता मी थेट उष्णतेकडे वळले. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुलते, तेव्हा हाउसिंग तापवले की छिद्र स्क्रूपेक्षा जास्त मोठे होते. मात्र अॅल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही आणि 660 अंशांना, मिश्रधातू असेल तर त्याही आधी, एकदम ढासळते, यासाठी ज्योत एका जागी क्षणभरही थांबू द्यायची नाही.

आठांपैकी सहा स्क्रू असे निघाले. उरलेल्या दोघांची डोकी तुटली. सुरुवातीला मला वाटले की आता ड्रिल करण्यावाचून गत्यंतर नाही, पण डोके तुटल्यावर पत्रा सुटा होतो आणि पत्र्याच्या जाडीइतका स्क्रूचा खुंट हाउसिंगच्या वर उघडा राहतो, हे तेव्हा लक्षात आले. त्या खुंटावर एक नट ठेवून मी तो आतून वेल्ड केला. वेल्डिंगचा धातू अॅल्युमिनियमला धरत नाही, खुंटाला मात्र धरतो, आणि त्या उष्णतेनेच पांढऱ्या भुकटीची पकड सुटते. लालसरपणा जाईपर्यंत थांबून पाना लावला, थोडे पुढे, थोडे मागे, पुन्हा थोडे पुढे, असे करत दोन्ही खुंट पूर्ण बाहेर आले. माझा जीव भांड्यात पडला.

ब्रॅकेट, पट्टा ताणणारा हात असे छोटे पोलादी भाग मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून बारा व्होल्टच्या चार्जरने विद्युतविच्छेदनाने साफ केले. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि लोखंडी सळीचा तुकडा धन टोकाला जोडायचा. सळीऐवजी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. यातून हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्यावर करावे, आणि अॅल्युमिनियमचे भाग या पाण्यात अजिबात घालू नयेत, सोडा त्यांना खातो.

पत्र्याचे काम अपेक्षेपेक्षा सोपे गेले. पोखरलेला भाग चकाकता, निरोगी धातू लागेपर्यंत ग्राइंडरने कापून काढला, पुठ्ठ्याचा नमुना काढून तीन मिलिमीटरच्या पत्र्याचे ठिगळ कापले आणि समोरासमोर टाके देत, मध्ये थंड होऊ देत ते जोडले. सलग वेल्ड केले असते तर पत्रा ओढला जाऊन स्पिंडल तिरके झाले असते आणि दोन पाती वेगवेगळ्या उंचीवर फिरली असती.

बेअरिंग बदलताना जी चूक सर्रास होते ती सांगायलाच हवी. या स्पिंडलमध्ये 6203 क्रमांकाची बेअरिंग बसतात : आतला व्यास 17, बाहेरचा 40 आणि रुंदी 12 मिलिमीटर. ती कुठेही मिळतात, पण बहुधा दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली. हाउसिंगला ग्रीसची निपल, म्हणजे ग्रीस भरायचे छोटे तोंड, असेल तर आतल्या बाजूची सीलं टोकदार हत्याराने काढून टाकावीत, नाहीतर आपण वर्षानुवर्षे ग्रीस भरत राहतो आणि ते बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. दोन बेअरिंगच्या मधली नळी विसरू नये. ती नसेल तर वरचा नट आवळताच बेअरिंग बाजूने दाबली जाऊन थोड्याच दिवसांत ओरडू लागतात. मी हाउसिंग शंभर अंशांवर ओव्हनमध्ये आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती. ती हाताने अलगद आत बसली. जिथे ठोकावेच लागेल तिथे केवळ बाहेरच्या कड्यावर ठोकावे.

ही काळजी मी सुरक्षिततेसाठीही घेतली. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांपेक्षा जास्त नसावा असे अमेरिकेतले मानक आहे. तो ताशी 347 किलोमीटरच्या आसपास येतो, आणि मिनिटाला सुमारे 3,400 फेऱ्या घेणारे 21 इंची पाते त्या मर्यादेच्या अगदी जवळ असते. झिजलेल्या शाफ्टवर किंवा तोल गेलेल्या पात्यावर एवढा वेग सोपवणे मला मान्य नाही. धार लावल्यावर प्रत्येक पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगून मी त्याचा तोल पाहिला आणि जड बाजू घासून सारखी केली. गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरचे झाकणही नवी पिन घालून परत बसवले, ते काढून मोअर चालवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या अंगणात मुले खेळत असतात.

रंग एप्रिलपर्यंत थांबला, कारण थंड गॅरेजमध्ये तो नीट वाळत नाही. शेजारी एक गृहस्थ 1963 साली बाजारात आलेल्या जॉन डिअर 110 चे काम काढून बसले आहेत. त्यांना मी मास्क लावल्याशिवाय तार-ब्रश फिरवू नका असे सांगितले, कारण अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातील शिशावर 1978 साली बंदी आली आणि त्यापूर्वीच्या रंगाची धूळ विषारी असू शकते.

मेच्या पहिल्या शनिवारी डेक यंत्राखाली चढवला. पट्टा घालण्यापूर्वी उजवी पुली हाताने फिरवून सोडली आणि ती आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिली. त्याचा व्हिडिओ मी अण्णांना पाठवला. पुढच्या डाव्या चाकाची पिन मात्र अजूनही निघालेली नाही. चाक तिच्यावर व्यवस्थित फिरते आणि उंचीही मला हवी तीच आहे, तेव्हा तिला तापवण्याची घाई केली नाही. दर शनिवारी गवत कापून झाले की डेक खालून खरवडते आणि त्या पिनेवर दोन थेंब तेल सोडते.