पालकाचे सॅलड आणि पाण्याचा हिशेब

कच्च्या पालकाचे सॅलड अनेकांच्या मनातून उतरते ते पालकामुळे नव्हे, पाण्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. ताज्या पालकाच्या वजनाचा सुमारे ९१ टक्के भाग पाणीच असते. काकडीत तर ते ९५ टक्क्यांच्या आसपास असते. हे पाणी पानाच्या पेशींत असते तोवर पान ताठ राहते आणि चावताना गार, टवटवीत लागते. तेच पाणी भांड्याच्या तळाशी उतरले की पाने माना टाकतात, ड्रेसिंग पातळ होऊन बेचव लागते आणि हौसेने घातलेले अक्रोड मऊ पडतात. म्हणूनच सॅलड करायला घेतले की माझे लक्ष पदार्थांच्या यादीपेक्षा पाण्याकडे जास्त असते. पानातले पाणी पानात राहावे, पानावरचे पाणी पूर्ण निघून जावे आणि सुक्या मेव्याला ओलावा अगदी शेवटच्या क्षणापर्यंत लागू नये, एवढे साधले की चव जुळवणे फारसे अवघड राहत नाही.

सॅलडसाठी पालक कोवळाच हवा. तळहाताच्या निम्म्याहून लहान, पातळ देठांची पाने असतील तर ती अख्खी घालता येतात. मोठी पाने असतील तर देठ मोडून काढावेत आणि पानाची मधली जाड शीरही ओढून काढावी, कारण कच्च्या पालकात चरबरीतपणा येतो तो बहुधा तिथूनच. पान सुरीने बारीक चिरण्यापेक्षा हाताने दोन-तीन तुकडे करणे मला अधिक पसंत आहे, कारण जितक्या जास्त कडा कापल्या जातात तितके जास्त पाणी सुटते. कच्चा पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीत थर जाणवतो तो पालकातील ऑक्झॅलेट या नैसर्गिक घटकामुळे. लिंबाचा रस आणि तेल असलेले ड्रेसिंग नीट लागले असेल तर तो थर पुष्कळ कमी जाणवतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पालक धुण्याची एक पद्धत मी कधीही सोडत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर थंड पाणी घेऊन त्यात पाने सोडावीत, हाताने हलकेच ढवळावीत आणि दोन-तीन मिनिटे तशीच राहू द्यावीत. माती जड असल्याने तळाशी बसते आणि पाने वर तरंगतात. मग दोन्ही हातांनी पाने वरच्या वर उचलून चाळणीत काढावीत. पातेले चाळणीवर उपडे केले तर तळाची सगळी माती पुन्हा पानांवरच येते आणि मग खाताना दाताखाली कचकच लागते. पाणी बदलून हेच पुन्हा करावे आणि पातेल्याच्या तळाला बोट लावल्यावर कण जाणवेनासा झाला की थांबावे. शेवटचे पाणी बर्फाचे घेतले तर आणखी एक फायदा होतो. किंचित सुकलेली पाने दहा-पंधरा मिनिटांत पाणी शोषून पुन्हा ताठ होतात. मात्र पिवळी पडलेली किंवा चिकट झालेली पाने अशा उपायांनी सुधारत नाहीत, ती काढून टाकावीत. धुण्याने माती जाते, पण सगळे जंतू जातातच असे नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २००६ साली अमेरिकेत पाकीटबंद ताज्या पालकातून ई. कोलाय जंतूंची लागण पसरली होती आणि त्यात काही जणांचा मृत्यूही झाला होता. कच्ची पालेभाजी खायची असेल तर ती ताजी असावी, थंड जागी ठेवलेली असावी आणि ती चिरायची सुरी व पाट कच्च्या मांसासाठी वापरलेला नसावा.

पाने वाळवण्याला मी धुण्याइतकेच महत्त्व देते. चाळणीत निथळल्यावर ती स्वच्छ सुती फडक्यावर एका थरात पसरावीत, वरून दुसरे फडके हलक्या हाताने दाबावे आणि मग फडक्याची सैल गुंडाळी करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. गोल फिरवून पाणी काढणारे जाळीचे भांडे असेल तर उत्तमच. ओल्या पानाला तेल धरत नाही. ते घसरून खाली जाते आणि पान आळणी राहते, मग आपण आणखी मीठ घालतो, मिठाने आणखी पाणी सुटते आणि सगळा बेत पाणचट होतो. फ्रिजमध्ये पालक सफरचंद, केळी किंवा पिकलेल्या टोमॅटोजवळ ठेवू नये, कारण या फळांतून बाहेर पडणाऱ्या एथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात.

भाज्यांबाबतही प्रश्न पाण्याचाच येतो. काकडी उभी चिरून तिच्यातला बियांचा मऊ भाग चमच्याने काढला, जाडसर चकत्यांना चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवल्या आणि मग कोरड्या टिपून घेतल्या तर त्या सॅलडमध्ये पाणी सोडत नाहीत आणि त्यांचा कुरकुरीतपणाही वाढतो. टोमॅटोचा रस आणि बिया काढून फक्त गर घ्यावा, तो रस टाकून न देता ड्रेसिंगमध्ये वापरावा. कांदा अगदी पातळ चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवला की त्याचा उग्रपणा ओसरतो, पण नंतर तोही टिपून घ्यायलाच हवा. गाजर किसण्यापेक्षा सालकाढणीने त्याच्या लांब पातळ पट्ट्या काढाव्यात, कारण किसाला पाणी फार लवकर सुटते. बीट घालायचे असेल तर ते वेगळ्या वाटीत ड्रेसिंग लावून ठेवावे आणि वाढताना वरून पसरावे, नाहीतर त्याचा रंग सगळ्या भाज्यांना लागतो.

लाल ढोबळी मिरची मात्र मी कधी वगळत नाही. तिच्यात चुरचुरीतपणा आहे, गोडवा आहे आणि १०० ग्रॅममध्ये साधारण १२५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे. पालकात १०० ग्रॅममागे २.७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते खरे, पण वनस्पतींमधील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच घासात क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण वाढते. ढोबळी मिरची, संत्र्याच्या फोडी किंवा लिंबाचा रस यांपैकी काहीतरी पालकासोबत असलेच पाहिजे असा माझा आग्रह आहे तो चवीइतकाच या कारणासाठीही.

आता सुक्या मेव्याकडे वळते, कारण या सॅलडचा खरा आनंद मला तिथे वाटतो. पालक मऊ आहे, त्याची चव किंचित मातकट आणि तुरट आहे. त्याला सोबत हवी असते ती खमंग, कडक आणि स्निग्ध वस्तूची. अक्रोड, बदाम, पिस्ते, काजू, शेंगदाणे यांपैकी कोणतेही चालतात, परंतु कच्चे घालू नयेत. ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला आठ ते बारा मिनिटे किंवा जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर सतत परतत भाजावेत. भाजताना नाक उघडे ठेवावे. आधी नुसता गरम दाण्याचा वास येतो, मग अचानक गोडसर, खरपूस दरवळ सुटतो आणि बदामाचा आतला पांढरा भाग फिकट बदामी होतो. त्याच क्षणी दाणे तव्यावरून थंड ताटात काढावेत, कारण तवा बंद केला तरी आतली उष्णता त्यांना भाजतच राहते आणि मिनिटाभरात खमंगाचे कडू होते. अक्रोड पातळ सालीमुळे लवकर करपतात, म्हणून त्यांच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. त्यांच्या सालीतला तुरटपणा कोणाला नकोसा वाटत असेल तर अक्रोड मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून, निथळून, फडक्यात चोळावेत. बरीचशी साल निघून येते, मात्र नंतर ते पूर्ण वाळेपर्यंत भाजावे लागतात.

भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय चिरू नयेत आणि डब्यातही भरू नयेत. गरम दाणे डब्यात भरले की आत वाफ धरते आणि सगळा कुरकुरीतपणा जातो. चिरताना तुकडे ओबडधोबडच ठेवावेत, काही अर्धे, काही पाव, म्हणजे प्रत्येक घासात वेगळा अनुभव येतो. चिरल्यावर जी बारीक भुकटी उरते ती चाळून बाजूला काढावी. ती पानांवर पडली तर पानांना चिकटून सॅलड मळकट दिसते, पण तीच ड्रेसिंगमध्ये घातली तर ड्रेसिंग दाट आणि चविष्ट होते. अक्रोडात असंतृप्त तेलाचे प्रमाण मोठे असल्याने तो लवकर खवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वापरण्यापूर्वी एक तुकडा चाखून पाहावा, कारण एक खवट अक्रोड सगळ्या वाडग्याची चव बिघडवतो. सुक्या मेव्यातील स्निग्धांश शरीराच्या कामीही येतो. पालकातील बीटा कॅरोटीन आणि ल्युटीन ही द्रव्ये तेलात विरघळणारी असल्याने तेल किंवा दाण्यांशिवाय नुसता पालक खाल्ला तर ती फारच कमी शोषली जातात. पाहुण्यांना वाढताना मात्र दाण्यांची ॲलर्जी कोणाला आहे का हे आधी विचारून घ्यावे, आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे न देता बारीक पूड करूनच द्यावेत. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी भाजलेल्या भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया हा चांगला पर्याय ठरू शकतो, अर्थात त्या चालतात याची त्यांच्याकडून खात्री करून घेतल्यावरच.

ड्रेसिंगचे नेहमीचे प्रमाण तीन भाग तेलाला एक भाग आंबट असे आहे. पालकाच्या सॅलडमध्ये मी आंबट थोडे वाढवते, कारण दाण्यांत तेल असतेच. चार जणांसाठी तीन टेबलस्पून ऑलिव्ह तेल किंवा कोणतेही सौम्य तेल, दीड टेबलस्पून लिंबाचा रस, अर्धा टीस्पून वाटलेली मोहरी, अर्धा टीस्पून मध, पाव टीस्पून मीठ, ताजी कुटलेली मिरी आणि दाण्यांची ती भुकटी हे सगळे झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवावे. मोहरीमुळे तेल आणि रस काही काळ एकजीव राहतात, आणि तसे राहिले तरच प्रत्येक पानाला दोन्हींची चव सारखी लागते.

एकत्र करण्याची वेळ मात्र पाळलीच पाहिजे. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर असतो. तो पाण्याला अडवतो, परंतु तेल त्यातल्या बारीक फटींतून आत शिरते, पेशींमधल्या हवेची जागा घेते आणि पानावर गडद, ओलसर डाग उमटू लागतात. आंबटपणानेही वेळ जाईल तसा हिरवा रंग मळकट होत जातो. म्हणून जेवायला बसण्याच्या पाच मिनिटे आधी, त्याहून लवकर नाही, मोठ्या वाडग्यात १५० ग्रॅम पालक घ्यावा, त्यात एका काकडीच्या टिपलेल्या चकत्या, एका गाजराच्या पट्ट्या, अर्ध्या लाल ढोबळी मिरचीचे काप आणि साली-बिया काढलेल्या एका संत्र्याच्या फोडी घालाव्यात. निम्मे ड्रेसिंग वाडग्याच्या कडेने ओतून हातानेच, खालून वर उचलत कालवावे, एक पान चाखावे आणि लागेल तसे उरलेले घालावे. पानांवर चकाकी यावी, पण वाडग्याच्या तळाशी काही साचू नये, हे माप मला पुरते. सर्वांत शेवटी ४० ते ५० ग्रॅम भाजलेला सुका मेवा वरून घालावा आणि नंतर पुन्हा कालवू नये.

एवढे हाताला बसले की बदल सुचत जातात. सफरचंद आणि अक्रोड ही जोडी मला फार आवडते. सफरचंद चिरताक्षणी लिंबाच्या रसात घोळवले की काळे पडत नाही. भाजलेले बीट, पिस्ते आणि दाट दह्याचे ड्रेसिंग हा दुसरा प्रकार. दह्याला इथे चवीपलीकडचेही कारण आहे, कारण त्यातले कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटशी जोडले जाते आणि शरीरात जाणारे ऑक्झॅलेट कमी होते. तरीही ज्यांना ऑक्झॅलेटचे मूतखडे होतात त्यांनी कच्चा पालक किती खावा हे डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनीही तसेच करावे, कारण पालकात के जीवनसत्त्व भरपूर असते आणि त्यांच्या आहारात त्याचे प्रमाण अचानक कमीजास्त होणे योग्य नसते. थंडीच्या दिवसांत ड्रेसिंग कोमट करून, त्यात परतलेले मशरूम घालून ते जाड पानांवर ओतले तर पाने अर्धवट मऊ होतात आणि तो वेगळाच, पोटभरीचा पदार्थ होतो.

डब्यात न्यायचे असेल तर क्रम उलटा लावावा. तळाशी ड्रेसिंग, त्यावर गाजर आणि ढोबळी मिरचीसारख्या कडक भाज्या, त्यावर काकडी, सर्वांत वर कोरडा पालक आणि दाणे वेगळ्या डबीत. ड्रेसिंग न लावलेली पाने कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीही चांगली राहतात. ड्रेसिंग लावलेले सॅलड उरले तर ते त्याच दिवशी थंड करून ठेवावे, दाणे आणि संत्र्याच्या फोडी वेचून काढाव्यात आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे गरम तव्यावर दोन मिनिटे परतून अंड्याच्या ऑम्लेटमध्ये किंवा शिजवलेल्या पास्त्यात घालावे.